वामनरावांच्या बरणीची बखर

श्री. जो घट्ट म्हणावा तर वाहतो आणि पातळ म्हणावा तर उभा राहतो, ज्यास आपला आकार नाही आणि ज्या पात्री घालावा त्या पात्राचा जो होऊन राहतो, त्या परमेश्वरास साष्टांग दंडवत घालून, आणि दहीभाताची अधिष्ठात्री जी अन्नपूर्णा तीस स्मरून हकीकत लिहितो, सज्जनांनी अवधान द्यावे. शके एकोणीसशे तेहतीस, खर नाम संवत्सरे, शरदृतू, आश्विन मास, शुक्लपक्ष, ते समयी एक विद्येचे राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. ज्यांस ठाऊक ते जाणतील, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांस ते आपलेच वाटेल. त्या राज्याचे सिंहासनी कुलगुरू महाराज विराजमान होते, आणि पदार्थविज्ञानाचे परगण्यावर राजश्री पुरुषोत्तमपंत आगटे हे विभागप्रमुख, म्हणजे दिवाण, होते. पंत कठीणद्रव्याचे मानकरी. धातू, स्फटिक, लोहचुंबक, हिरा, जे आपटिले असता नाद करिते तेवढ्यासच पंत द्रव्य म्हणत, आणि त्यांचे पंथाचे लोकांस प्रशस्त दालने, थंड हवेची यंत्रे आणि दारावर पितळी पाट्या होत्या. आणि त्याच परगण्यात मृदुद्रव्याचे एकमेव सरदार राजश्री वामनराव विठ्ठलशेट दुसाने हे होते, आणि त्यांस उपाहारगृहाचे पाठीमागील खोली नेमून दिली होती, जेथे भिंतीपलीकडे भज्यांची कढई चढली म्हणजे भिंतीअलीकडे प्रयोगाचे उष्णमान चढे.

मृदुद्रव्य म्हणजे काय ऐसे कोणी पुसेल, तर उत्तर ऐसे की जे धड घन नव्हे आणि धड द्रवही नव्हे. दात घासावयाचा मलम, दाढीचा फेस, दही, जेली, रंग, खळ, चिखल, आणि हाडे वजा जाता मनुष्याचे शरीर, हे सर्व मृदुद्रव्य. सृष्टीत याचाच सुकाळ असता विद्येचे राज्यी यास प्रतिष्ठा नव्हती, कारण जे रोज ताटात येते त्याचे शास्त्र असेल हे विद्वानांस खरे वाटत नाही. वामनरावांचे तीर्थरूप विठ्ठलशेट हे तापीकाठचे पिढीजात सोनार. त्यांचे घरी सात पिढ्या ऐरण, हातोडी आणि फुंकणी. पुत्र विलायतेस जाऊन मोठी पदवी घेऊन आला, तेव्हा विठ्ठलशेट त्यास ओसरीवर बसवून बोलिले, "वामन्या, लोक म्हणतात तू शिकून आलास. काय शिकलास ते सांग." वामनरावांनी सांगितले. विठ्ठलशेट म्हणाले, "म्हणजे सात पिढ्यांनी सोनं ठोकलं, आणि तू सातासमुद्रापार जाऊन खळ ढवळून आलास." आणि मग आत वळून पत्नीस म्हणाले, "अगं, याला जेवायला वाढ. पातळ भाजी जरा जपून वाढ, त्याच्या अभ्यासाचा विषय आहे."

येणेप्रमाणे घरचा आहेर घेऊन वामनराव राज्यात चाकरीस लागले. दर सोमवारी दिवाणांचे दालनी परगण्याची सभा भरे, आणि कठीणद्रव्याचे मानकरी आपापले पराक्रम निवेदन करीत, आणि वामनरावांची पाळी आली म्हणजे पंत चष्मा कपाळी चढवून पुसत, "हं, वामनराव, आज काय शिजवलंत?" मग सभेत हशा होई. एके दिवशी वामनरावांनी कपाट मागितले, त्यास पंत बोलिले, "तुमचा माल घट्ट की पातळ एवढं एकदा ठरवा, म्हणजे कपाट द्यायचं की पिंप, ते आम्ही ठरवू." वामनराव बोलिले, "पंत, तेच ठरवण्यात आयुष्य घातलं आहे." पंत म्हणाले, "मग आयुष्य पातळच समजा." आणि पुनः हशा जाहला, आणि कपाट मिळाले नाही.

तथापि वामनरावांचे चित्ती एक सिद्धांत दृढ होता. गवारीच्या बियांचा डिंक पाण्यात कालवावा, त्यात काचेचे अतिसूक्ष्म कण मिसळावे, आणि ते द्रव्य हालविल्याविना ठेवून द्यावे, म्हणजे कण आपोआप एकमेकांचे हात धरतील आणि केवळ विश्रांतीने द्रव्य घट्ट होईल, ऐसे त्यांचे गणित सांगत होते. यास त्यांनी विश्रांतिकाठिण्य ऐसे भारदस्त नाव ठेविले. मग एक मोठी काचेची बरणी भरून खोलीचे कोपऱ्यात स्थापिली, आणि तीतून थोडे थोडे द्रव्य काढून परीक्षा करीत. या पंथाची परीक्षा मोठी साधी: बाटली उलटी करावी, सांडले तर पातळ, न सांडले तर घट्ट. पुढे यंत्राने मोजमाप. वर्षे लोटली, बाटल्या उलट्या जाहल्या, आणि प्रत्येक खेपेस सांडले. वामनरावांची शिष्या अनसूयाबाई गावीत, सातपुड्यातून विद्येस्तव आलेली, बुद्धीने तीक्ष्ण आणि जिभेने अधिक तीक्ष्ण, ती फरशी पुसता पुसता म्हणे, "सर, विश्रांती घेऊन घेऊन आपण दोघं घट्ट झालो. बरणी अजून विचार करतेय."

मग खंडेनवमीचा सण आला. सोनाराचे घरी या दिवशी हत्यारांची पूजा करितात, आणि वामनराव विलायत पाहून आले तरी हा कुळाचार त्यांनी सोडिला नव्हता. त्यांनी घरून मातोश्रींचा कुंकवाचा करंडा आणविला, आणि रिओमीटर नामे यंत्र, जे द्रव्यास हळूच पिळून त्याचा स्वभाव विचारते, त्यास झेंडूची माळ घातली, तराजूस गंध लाविले, आणि मग कोपऱ्यातील बरणीपाशी येऊन विचार केला की आपले खरे हत्यार हेच. ऐसे म्हणून झाकण उघडून, हात जोडून, बरणीचे काठावर कुंकवाचे बोट ओढिले, आणि भावनेचा भर अधिक जाहल्यामुळे चिमूटभर कुंकू आत पडले. अनसूयाबाई म्हणाल्या, "सर, आत पडलं." वामनराव म्हणाले, "प्रसाद समज." आणि झाकण लाविले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी; वामनरावांनी ठेविली नाही.

दिवाळी होऊन खोली उघडिली, बरणीतील द्रव्य बाटलीत घेऊन बाटली उलटी केली, आणि सांडले नाही. वामनरावांनी बाटली हालविली, तरी सांडले नाही. अनसूयाबाईंनी बाटलीस टिचकी मारिली, तेव्हा द्रव्य नववधूप्रमाणे किंचित् थरथरले आणि स्वस्थानी राहिले. द्रव्यास अंमळ गुलाबी छटा आली होती. वामनरावांस वाटले यशाचा रंगच तैसा असतो. मग रात्रंदिवस मोजमापे जाहली, आलेख काढिले, आणि विलायतेचे एका मोठ्या मासिकात विश्रांतिकाठिण्याचा लेख प्रसिद्ध जाहला, आणि त्यावर वामनरावांचे नाव आणि अनसूयाबाईंचेही नाव होते. आणि राज्यात एकच गलबला उडाला. वर्तमानपत्रांतून तसबीर आली. पंत दिवाण सोमवारचे सभेत उठून म्हणाले, "आमचे वामनराव!" आणि तेच लोक, जे हसत होते, टाळ्या वाजवू लागले, आणि वामनरावांस कपाट मिळाले.

त्या परगण्यात वरिष्ठ प्राध्यापकाची एक गादी होती. गादी म्हणजे पद, आणि गादी म्हणजे प्रत्यक्ष खुर्चीही, शिसवी, उंच पाठीची, तांबड्या मखमलीने मढविलेली, जीवर पूर्वीचे थोर आचार्य बसून गेले. तीवर बसेल त्यास नवे दालन, नवी यंत्रे आणि शिष्य ठेवण्याचा अधिकार. ती गादी रिकामी होती, आणि आजवर कठीणद्रव्याचे पंथाबाहेर गेली नव्हती. आता महाराजांची मर्जी वामनरावांवर बसली आणि विजय नाम संवत्सरी माघ मासी मोठी सभा भरवून गादी त्यांस द्यावी ऐसे ठरले. वामनरावांस स्वतःचा लोभ थोडा. परंतु मृदुद्रव्यास एकदा या राज्यात मानाची जागा मिळावी, आणि आपल्यामागे अनसूयेसारख्यांनी भज्यांचे धुरात बसू नये, ही इच्छा त्यांनी जन्मभर पोटात बाळगिली होती.

ऐसे सर्व अनुकूल असता उत्तर देशीच्या एका विदुषी, प्राध्यापिका इंग्रिडबाई, यांचा संदेश आला, तो सौम्य शब्दांत ऐसा, की आम्ही आपला प्रयोग अक्षरशः करून पाहिला, आमचेकडे पाण्याचे पाणीच राहते, आपण काही निराळे करीत असाल तर कृपेने कळवावे. वामनराव हसले आणि म्हणाले, "थंड मुलुख. धीर नसेल धरला." मग तरी एक नवी बरणी भरून ठेविली, की खातरजमा असावी. बरणी विश्रांती घेऊ लागली. आणि मग बाटली उलटी केली, आणि सर्व द्रव्य वामनरावांचे पायांवर आले. दुसरी भरिली, तीही सांडली. पाणी बदलिले, डिंक बदलिला, काच बदलिली, उपाहारगृहवाल्यास हात जोडून कढई थांबविली; काही उपयोग जाहला नाही. जुनी बरणी तेवढी घट्ट, आणि बाकी सगळ्या पातळ. तेव्हा वामनरावांचे तोंडचे पाणी पळाले.

अनसूयाबाई म्हणाल्या, "सर, जुनीत काहीतरी जास्तीचं आहे. आपण तिला विचारू या." ऐसे म्हणून जुन्या बरणीतील चमचाभर द्रव्य सुकविले, त्यावर आम्ल आणि मद्यार्क घालून पेटविले, आणि ज्योत निळी न येता तिची किनार हिरवीगार आली. वामनरावांनी ती हिरवी किनार ओळखिली. ते बोलिले, "अनसूये, हा टाकणखार." टाकणखार म्हणजे तो पांढरा क्षार, जो सोनार डाग देताना सांध्यास लावितात. वामनराव त्यातच वाढले, त्यांचे बाळपणीचे हातास त्याचा खरखरीतपणा ठाऊक. ते म्हणाले, "पण तो इथे कसा येईल? इथे कुठे दागिने घडवतो आपण?" अनसूयाबाई बरणीचे काठाकडे पाहून म्हणाल्या, "सर, कुंकू." मग वामनरावांनी मातोश्रींस फोन लाविला, आणि मातोश्री म्हणाल्या, "अरे, घरचंच कुंकू ते. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार. बाजारचं कुंकू मी कपाळाला लावत नाही. का रे? संपलं का?"

आता याहून मोठी लाज ऐसी, की गवारीचा डिंक टाकणखाराने घट्ट होतो हे जगास पूर्वीच ठाऊक. बालकांचे खेळण्याचे दुकानी जो लिबलिबीत गोळा मिळतो, जो मुले भिंतीवर फेकितात आणि मातांकडून धपाटे खातात, तोही याच जातीचा. कणांनी हात धरिले नव्हते; विश्रांतीने काही जाहले नव्हते; टाकणखार सावकाश खाली झिरपला आणि वामनरावांनी त्यास सिद्धांत म्हटले. घरी येऊन त्यांनी सर्व हकीकत पत्नीस सांगितली. शैलजाबाई मुलींचे शाळेत संस्कृत शिकवीत, गंभीर मुद्रेच्या बाई. त्यांनी शेवटपर्यंत ऐकिले आणि मग पदर तोंडास लावून इतक्या हसल्या की शेजारीण विचारावयास आली. आणि म्हणाल्या, "अहो, तेवीस वर्षं मी त्याच करंड्यातलं कुंकू लावते आहे. आमच्याकडे कोणी घट्ट झालं नाही ते!" वामनराव म्हणाले, "हसू नकोस. लेख मागे घ्यावा लागेल." शैलजाबाई हसू आवरून म्हणाल्या, "मग घ्या." वामनराव म्हणाले, "गादी जाईल." त्या म्हणाल्या, "जाईल तर." मग शैलजाबाई हसल्या नाहीत.

दुसरे दिवशी वामनराव दिवाणांचे दालनी गेले आणि सर्व निवेदन केले. पंतांनी उठून दार लाविले आणि बोलिले, "हे आणखी कोणाला सांगितलंत?" वामनराव म्हणाले, "अनसूयेला ठाऊक, घरी ठाऊक." पंत म्हणाले, "तेवढंच राहू द्या. सभा होऊ द्या, गादीवर बसा, मग वर्षा दोन वर्षांनी सावकाश एक सुधारणा छापा, बारीक टायपात. मागे घेणे हा शब्द या राज्यात उच्चारत नाहीत. आणि त्या पोरीच्या प्रबंधाचं काय? तो बुडवणार?" वामनराव तेथून खोलीवर आले आणि अनसूयाबाईंस पुसिले. त्या म्हणाल्या, "तीन प्रकरणं जातात, दोन राहतात. पण सर, माझ्या नावाने गादी घेऊ नका. घ्यायची तर तुमच्या नावाने घ्या." वामनराव रागावले, कारण ते खरे होते. आणि लिहिण्यास खेद होतो, परंतु बखरकाराने खोटे लिहू नये, की वामनरावांनी दिवाणांचा सल्ला मानिला. ते घरी म्हणाले, "गादी मिळू दे. दालन मिळू दे. मग बसल्या जागेवरून सगळं खरं सांगतो." शैलजाबाई ताट वाढीत होत्या; त्या म्हणाल्या, "गादीवर बसून कोणी खरं बोलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. आमटी घ्या."

इकडे पंतांनी विचार केला की हा सोनार मऊ मनुष्य, कोणते समयी पाझरेल नेम नाही, सबब बातमी आपणच योग्य रीतीने महाराजांचे कानी घालावी. त्यांनी एवढेच सांगितले, की महाराज, त्या प्रयोगाचे यशात खंडेनवमीचे पूजेचा आणि कुंकवाचा अंश आहे ऐसे दिसते. पंतांचा अजमास, की महाराज गप्प बसण्याची आज्ञा करतील. तो महाराज आसनावरून उठून उभे राहिले आणि बोलिले, "काय म्हणता! कुंकवाने पाणी उभं राहिलं? पंत, ही आपली प्राचीन विद्या! हे लपवता काय? सभेत सर्वांसमक्ष करून दाखवा!" आणि तत्काळ आज्ञा सुटल्या, की सभेस कुंकुमविज्ञान-महोत्सव ऐसे नाव द्यावे, मंडप घालावा, आणि जुन्या ग्रंथांतून याचा श्लोक शोधून वेशीवर झळकवावा. श्लोकाचे काम राज्याचे संस्कृतपंडित वेदमूर्ती दिगंबरशास्त्री मुळ्ये यांजकडे आले. शास्त्रीबुवा नम्रपणे बोलिले, "महाराज, ऐसा श्लोक कोठे नाही." महाराज बोलिले, "नसेल तर असायला हवा." शास्त्रीबुवा म्हणाले, "श्लोक आज सायंकाळपर्यंत होईल. तो प्राचीन होण्यास मात्र अवधी लागतो." महाराज म्हणाले, "कापड जुनं वापरा." आणि शास्त्रीबुवांनी श्लोक रचिला, आणि तो जुन्या भरजरी कापडावर सोनेरी अक्षरांनी वेशीवर चढला, तो ऐसा:

कुङ्कुमेन समायुक्तं जलं याति दृढां गतिम् ।
यथा मूर्खसभामध्ये मिथ्यावाक्यं स्थिरायते ॥

महाराजांनी, दिवाणांनी आणि सकळ मानकऱ्यांनी माना डोलविल्या आणि म्हणाले, काय गांभीर्य! सभेचे दिवशी शैलजाबाई वेशीतून आत येताना वर पाहू लागल्या आणि जागीच थबकल्या, कारण अर्थ सरळ होता, की कुंकवाने युक्त जाहलेले पाणी घट्टपणा पावते, जैसे मूर्खांचे सभेत खोटे वचन स्थिर होते. शास्त्रीबुवा जवळच उभे होते. ते हात जोडून हळूच म्हणाले, "बाई, आपण वाचलंत, श्लोक सार्थकी लागला. आता कृपा करून मोठ्याने वाचू नये. निवृत्तीस चार महिने आहेत."

मग सभा भरली. मंचावर महाराज, दिवाण, शास्त्रीबुवा, आणि मध्यभागी ती तांबड्या मखमलीची गादी, फुलांचे तोरण लाविलेली, रिकामी, आणि तिचे शेजारी मेजावर डिंकाचे द्रव्याने भरलेली दोन काचेची पात्रे, एक प्रयोगास आणि एक राखीव. पुढील रांगेत शैलजाबाई आणि अनसूयाबाई बसल्या होत्या आणि दोघीही वामनरावांकडे पाहत नव्हत्या. शंख वाजला. महाराज बोलिले, "हे पुण्यकर्म आम्ही स्वहस्ते करू." चांदीचे तबकातून कुंकू आले, भारी, केशरी झाकणाचे डबीतील, शहराचे थोरल्या दुकानातून मागविलेले. महाराजांनी मूठभर घातले, शास्त्रीबुवांनी काही तरी पुटपुटिले, वामनरावांनी काचेचे कांडीने ढवळिले, आणि ढवळता ढवळता त्यांचे हातास कळून चुकले की हे कुंकू नव्हे, हा नुसता रंगविलेला पिठूळ भुगा, यात टाकणखार नावास नाही. ते म्हणू लागले, "महाराज, अंमळ..." तो महाराजांनी पात्र उचलिले, सभेस दाखविले, आणि मोठ्या आवेशाने उलटे केले. आणि सर्व तांबडे द्रव्य महाराजांचे धोतरावर आणि जोड्यांवर आले.

 एक मानकरी म्हणाला, "शुभशकुन!" परंतु त्यास कोणी साथ दिली नाही. तेव्हा पुरुषोत्तमपंत दिवाण, जे पूर्वीच सावध होते, ते वामनरावांचे खांद्यास खांदा लावून उभे राहिले, आणि उपरण्याआडून एक कागदाची पुडी त्यांचे हाती सरकवून कानात बोलिले, "टाकणखार. सोनाराकडूनच आणलाय. दुसरं पात्र घ्या, हळूच घाला, कुंकू वरून दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम. मग जन्मभर बसा." वामनराव पुडी हाती धरून उभे राहिले. एका हाताशी गादी होती, इतकी जवळ की मखमलीचा गोंडा त्यांचे मनगटास लागत होता. त्यांनी पुढील रांगेकडे पाहिले. अनसूयाबाई आता थेट पाहत होत्या. शैलजाबाईही पाहत होत्या, आणि त्यांचे मुद्रेवर राग नव्हता, केवळ वर्गात विद्यार्थिनीचे उत्तराची वाट पाहावी तैसी वाट होती.

मग वामनरावांनी पुडी डोक्याचे वर धरून उकलली आणि मोठ्याने बोलिले, "सभाजनहो, हा टाकणखार. माझे वडील याने दागिन्याला सांधा देतात. आमच्या घरच्या कुंकवात हा असतो, महाराजांच्या कुंकवात नाही, म्हणून महाराजांचे जोडे भिजले. पूजेने काही झालं नाही, आणि विश्रांतीनेही काही झालं नाही. माझ्या हातून बरणीत कुंकू पडलं, आणि मी त्याचा सिद्धांत केला. लेख चुकीचा आहे. तो मी मागे घेतो. हे शाळेतली मुलंसुद्धा करतात, बघा." ऐसे बोलून पुडी दुसरे पात्रात ओतिली, भराभर ढवळिली, आणि पाहता पाहता द्रव्य कांडीस धरून गोळा जाहले. मग पात्र उलटे करून हात लांब करून धरिले. थेंब पडला नाही. पात्राचे खाली गादी होती हे त्यांचे ध्यानी आले नाही ऐसे ते म्हणतात. आले होते ऐसे अनसूयाबाई म्हणतात.

महाराज भिजल्या धोतरानिशी जवळ आले, आणि क्रोधापेक्षा कुतूहल अधिक होऊन पुसिले, "हे पडत का नाही?" वामनराव बोलिले, "पडेल, महाराज. हे धड घन नव्हे. धीर धरला तर पडेल." महाराज म्हणाले, "केव्हा?" वामनराव म्हणाले, "आपण पाहत राहू." पंत दातओठ खाऊन म्हणाले, "वामनराव, पात्र सरळ करा!" वामनराव म्हणाले, "पंत, प्रयोग चालू आहे." आणि सकळ सभा, जी भाषणांस डुलकी घेते, ती डोळे फाडून पाहू लागली. आणि पात्राचे काठावरून ते द्रव्य सावकाश, हत्तीने सोंड खाली सोडावी तैसे, लांब होऊ लागले, आणि तुटले नाही, आणि घाईही केली नाही, आणि मखमलीस टेकले, आणि मग वेटोळे घालीत, अंग पसरीत, खुर्चीचे दोन्ही हातांवर कोपरे टेकवून गादीवर बैसले. सभागृहाचे शेवटचे रांगेतून कोणी विद्यार्थी ओरडला, "मृदुद्रव्याचा विजय असो!" आणि मग हशा आणि टाळ्या ऐशा उठल्या की शंखवाल्याने गोंधळून शंख वाजविला.

पंतांनी दोघां शिपायांस आज्ञा केली की हे उतरवा. एकाने हिसका मारिला, तो द्रव्य दगडासारखे आखडले आणि खुर्चीच उचलून आली. दुसऱ्याने हळुवार हात घातला, तो ते बोटांमधून पाझरून परत जागेवर जाऊन बसले. शास्त्रीबुवा बोलिले, "राहू द्या. इतके निश्चिंत या गादीवर आजवर कोणी बसले नव्हते."

पुढील हकीकत थोडी. लेख मागे घेतला. ज्या मासिकाने तसबिरीनिशी छापिला होता, त्याने चार ओळींत पुसला. उत्तर देशीच्या इंग्रिडबाईंचा एका ओळीचा संदेश आला, की आभारी आहे, माझी झोप परत आली. वरिष्ठ प्राध्यापकाचे पद पंतांचे एका शिष्यास मिळाले, जे लोखंडावर काम करीत. अनसूयाबाईंचा प्रबंध तीन प्रकरणे गळून पुनः लिहिला गेला, आणि विलंबाने का होईना, पदवी मिळाली. विठ्ठलशेटांनी सर्व ऐकून एवढेच म्हटले, "शेवटी सोनाराच्या पुडीनंच काम केलं ना?" आणि त्या दिवसापासून पुत्रास वामन्या न म्हणता वामनराव म्हणू लागले. श्लोक वेशीवर तैसाच आहे, कारण तो उतरविण्यास अर्थ समजल्याचे कबूल करावे लागेल. मखमलीवरील डाग काही केल्या निघेना, सबब नवे प्राध्यापकांस नवी खुर्ची आली, आणि जुनी गादी उपाहारगृहाचे पाठीमागे टाकून दिली. ती वामनरावांनी आणि अनसूयाबाईंनी ओढून खोलीत घेतली. एके दिवशी पंत दारावरून जाता थबकले आणि बोलिले, "वामनराव, या गादीवर कोणाच्या हुकुमाने बसलात?" वामनराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पंत, आधीचे गृहस्थ उठून गेले, जागा रिकामी दिसली." तो भिंतीपलीकडून भज्यांचा वास आला, आणि पंत म्हणाले, "दोन प्लेट सांगा." आणि आत येऊन स्टुलावर बसले.

तात्पर्य, त्या वर्षी राज्याने एक होऊ घातलेला वरिष्ठ प्राध्यापक गमाविला आणि एक चूक गमाविली. पहिल्याचे दुःख कोणास जाहले नाही. दुसरीचे महाराजांस अद्याप आहे. येथे टाक खाली ठेविला. वाचणाऱ्याचे चित्त प्रसन्न असो आणि त्याचे दही नीट लागो.